दिनकर गाळेकरची गैरहजेरी

काल्हेरच्या आमच्या गोदामात सगळ्यात जास्त काम करणाऱ्या माणसाला मी गैरहजेरीबद्दल काढून टाकलं. भर वैशाखात काढलं, इन्शुलिनने भरलेली खोली त्याच्या भरवशावर असताना काढलं, आणि काढलं हे मला दुपारपर्यंत माहीतही नव्हतं.

त्याचं नाव दिनकर गाळेकर. त्याचा फोटो माझ्याकडे नाही, कारण तो कधी जन्मलाच नव्हता. पण त्याच्याविषयी सांगण्याआधी माझा धंदा सांगायला हवा. माझ्या बायकोलाही तो अजून कळलेला नाही. ती नातेवाइकांना सांगते, हे कॉम्प्युटरवर बसतात.

माझे वडील टेमघरला लूमवर होते. तुटलेला धागा चिमटीत धरून बघता बघता जोडायचे. मी ॲपं जोडतो. गोदामात, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गाळ्यात, ऑर्डर मेलवर येते. मालाचा साठा एका ॲपमध्ये असतो, हजेरी दुसऱ्यात, ड्रायव्हरला मेसेज जातो तो तिसऱ्यातून. ही सगळी वेगवेगळ्या कंपन्यांची. एकाच आळीत राहून एकमेकांशी न बोलणारी भावकी असते, तशी. त्यांच्यामध्ये निरोप्या म्हणून एक सॉफ्टवेअर बसवायचं. ऑर्डर आली की साठ्यातून माल वजा कर, ड्रायव्हरला गेट कळव, ग्राहकाला गाडी निघाल्याचं सांग. माणसाने मध्ये हात घालायचा नाही.

या निरोप्याला प्रत्येक घरात शिरायला परवानगी लागते. पडद्यावर एक चौकट येते. हे सॉफ्टवेअर तुमची मेल वाचणार आहे, तुमच्या नावाने मेसेज पाठवणार आहे, मंजूर आहे का? खाली निळं बटण. सगळी माणसं ते बटण न वाचता दाबतात. मी वाचण्याचा पगार घेतो आणि मीही न वाचताच दाबत आलोय. बटण दाबलं की निरोप्याला त्या घराची किल्ली मिळते. ती डोळ्याला दिसत नाही, पण ती कुणाच्या तरी नावावर असते. ज्याच्या खात्यातून बटण दाबलं, त्याच्या नावावर. त्याचं खातं बंद झालं की किल्ली मेली. हे एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

न वाचता परवानगी दिली की काय होतं, त्याचा एक नमुना सांगतो. आमचे मालक भाऊ. त्यांच्या वडिलांनी जिथे भात लावला तिथे आज आमचे रॅक उभे आहेत. भाऊंनी फोनवर भविष्याचं कुठलंतरी ॲप घेतलं. त्याने कॅलेंडरमध्ये लिहायची परवानगी मागितली, भाऊंनी देऊन टाकली. ते ॲप रोजचा राहुकाळ भाऊंच्या कॅलेंडरात लिहू लागलं. आता भाऊंचं कॅलेंडर तेच गाळ्याचं कॅलेंडर, आणि त्यात जी वेळ अडलेली दिसेल त्या वेळी गाड्या बोलवायच्या नाहीत हा नियम मीच लावलेला. झालं. रोज दीड तास गेट रिकामं. हमाल खूश, ग्राहक बोंबलतायत, मी नेट तपासतोय. शेवटी सलीमने उलगडा केला. सलीम लूम सोडून टेम्पोवर आलेला आमचा जुना ड्रायव्हर. त्याने मला मेसेज दाखवला, 'गेट राहुकाळसाठी राखीव', आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्टर, ये राहुकाल कौनसी पार्टी है? रोज उसी का माल उतरता है."

मला सगळे मास्तर म्हणतात. एके काळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, तेवढ्यावर अजून चाललंय.

तर दिनकर. सुरुवातीला सगळ्या किल्ल्या आमच्या अकाउंटंटच्या नावावर होत्या. त्याने शेजारच्या गाळ्यात नोकरी धरली आणि त्याच्यामागोमाग आमचा सगळा कारभार उठून गेला. तेव्हा मी शहाणा झालो. ठरवलं की किल्ल्या अशा माणसाच्या नावावर ठेवायच्या जो नोकरी सोडणार नाही, आजारी पडणार नाही, लग्नाला गावी जाणार नाही. असा माणूस मिळेना, म्हणून मी तो तयार केला. आमच्या धंद्यात ही रीत बरोबर समजली जाते, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. खातं उघडताना नाव आणि आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून दिनकर गाळेकर. कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव असल्याशिवाय खातं मिळेना, म्हणून यादीतही घातला. पगार शून्य.

दिनकर कामाला लागला. ड्रायव्हरांना गेटचे मेसेज त्याच्या नावाने जाऊ लागले. मी मेसेजच्या शेवटी 'सावकाश या' असं घातलं होतं. गाळ्यात असं कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे दिनकरभाईचं नाव झालं. ड्रायव्हर त्याला सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवायचे. एकाने पोरीच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं. दसऱ्याला भाऊंची आई यादी समोर घेऊन नावानिशी मिठाईचे डबे भरते, त्यात दिनकरचाही भरला गेला. तो माझ्या टेबलावर आला. मी त्याच्या वतीने खाल्ला.

मग होळीच्या सुमारास डिस्पॅचचा एक क्लार्क नोकरी सोडून गेला, आणि महिन्याने कळलं की त्याच्या फोनवर अजून आमचे सगळे ग्राहक दिसतायत. भाऊ भडकले. मी म्हटलं, काळजी सोडा, कायमचा बंदोबस्त करतो. आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुबक नियम लिहिला. आजपासून मोजून जो कर्मचारी सलग महिनाभर हजेरीच्या मशीनवर अंगठा लावणार नाही त्याचं खातं आपोआप बंद, त्याच्या सगळ्या परवानग्या रद्द. हा नियम रोज सकाळी चालवायचं काम अर्थातच दिनकरकडे. भाऊंकडून कोड घेऊन त्याला तसा अधिकारही दिला.

दिनकरने अंगठा कुठून लावावा?

हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आत्ता लगेच आलं असेल, त्याबद्दल अभिनंदन.

आता वैशाली. अंजूरची. आमच्या कोल्ड रूमची इन्चार्ज. कोल्ड रूममध्ये एका औषध कंपनीचं इन्शुलिन असतं, ते दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं. आठच्या वर फार वेळ गेलं तर ते बाटलीत दिसतं तसंच, पण टोचून उपयोग होईल याची खात्री राहत नाही. आत पारा मोजणारं यंत्र आहे. आकडा सातच्या वर सरकला की दिनकर वैशालीच्या फोनवर भोंगा वाजवायचा. हे मी बसवण्याआधी वैशाली दर तासाला जाऊन दारावरचा आकडा स्वतः बघायची. सणवार नाही, जेवणाची सुटी धड नाही. मीच तिला म्हटलं होतं, आता बघत बसायची गरज नाही, फोन वाजला नाही म्हणजे सगळं ठीक.

तिच्या धाकट्या भावाची हळद होती. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नाहून मोठी गोष्ट. मांडव, डीजे, अख्खा गाव पिवळा. ती जायला तयार नव्हती. औषध कंपनीच्या साहेबाने तिला आधीच बजावलं होतं की माल खराब झाला आणि तू जागेवर नव्हतीस तर तुझी नोकरी राहणार नाही. आणि तिच्या घरात पगार आणणारी ती एकटी. मी तिला म्हटलं, "जा गं. मी आहे ना, दिनकर आहे ना." वर तिचा फोन घेऊन मी आणखी एक हुशारी केली. गाळ्यातून सतरा फोन येत राहतील, हिला नाचू देणार नाहीत, म्हणून बाकी सगळ्यांचे फोन मुके केले. फक्त दिनकरचा भोंगा ऐकू येईल.

ती गेली. तिच्या पाठोपाठ भाऊही गेले, त्यांनाही आमंत्रण होतं.

दुपारी लाईट गेली. ती रोज जाते. जनरेटर चालू झाला, थोड्या वेळाने लाईट आली, मी पंख्याखाली सरकलो. मग सलीम दारात येऊन उभा राहिला. म्हणाला की सकाळपासून दिनकरभाईचा मेसेज नाही, गाड्या थेट रस्त्यापर्यंत लागल्यात, भाईची तबियत तर बरी आहे ना. मी नेहमीप्रमाणे नेटला दोष दिला. तरी पडदा उघडला, तर वरपासून खालपर्यंत सगळं लाल. प्रत्येक ओळीसमोर एकच मजकूर, परवानगी संपली, पुन्हा जोडा. मी पुन्हा जोडायला गेलो तर उत्तर आलं की दिनकर गाळेकर यांचं खातं बंद आहे. कारण, गैरहजेरी.

सकाळी दिनकरने नियम चालवला होता. यादीत स्वतःचं नाव आलेलं पाहिलं होतं, आणि प्रामाणिकपणे स्वतःला काढून टाकलं होतं. मग सगळं बंद पडल्याची तक्रार सॉफ्टवेअरने केली होती. कुणाकडे? दिनकरच्या मेलवर.

खरं सांगतो, मला पहिल्यांदा हसू आलं. मी सलीमला समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि तसाच थांबलो. गेटचे मेसेज दिनकरच्या नावावर. भोंगाही दिनकरच्या नावावर.

कोल्ड रूम माझ्या खोलीपासून चार शटर पलीकडे आहे. दारावर आकडा चमकत होता. अकरा.

जनरेटरवरून लाईटवर येताना क्षणभर फेज, म्हणजे विजेच्या तारांचा क्रम, उलटा आला होता आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडला होता. पॅनेल उघडून एक बटण दाबलं की तो पुन्हा चालू होतो, हे मी वैशालीला करताना पाहिलं होतं. पॅनेलला कुलूप. एक किल्ली वैशालीच्या कमरेला, दुसरी भाऊंच्या जुडग्यात. दोघं अंजूरला. मी वैशालीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आठवलं की तो मुका मीच केलाय. तिच्यापर्यंत पोचू शकणारा एकच माणूस होता आणि त्याला मी काढलं होतं. त्याला परत घ्यायचं तर कोड भाऊंच्या फोनवर येणार. भाऊंना लावला. त्यांनी उचलला, पण पलीकडून फक्त डीजे ऐकू आला. मी ओरडलो, "भाऊ, कोड सांगा." ते म्हणाले, "हां हां, जेवलो," आणि ठेवला.

मेकॅनिकला फोन केला. तो कल्याणहून निघतो म्हणाला, म्हणजे संध्याकाळ. पॅनेलचं कुलूप तोडायला हातोडा उचलला. आतून विजेची गुणगुण ऐकू येत होती. वॉचमनने शांतपणे हातोडा काढून घेतला. म्हणाला की मास्तर, तुम्ही गेलात तर तुमच्या जागी काय करायचं ते कुणाला कळणार नाही. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

सलीमने रिकामा टेम्पो रांगेतून बाहेर काढला. अंजूरकडे जाताना मी त्याला दिनकर म्हणजे काय ते सांगितलं. त्याने एकदा स्वतःच्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "मैंने उसे ईद का न्योता भेजा था." पुढे एक कंटेनर आडवा पडल्यासारखा वळत होता. सलीमने टेम्पो उलटा घेऊन गोदामांच्या मागच्या कच्च्या रस्त्याला घातला. माझ्या डोळ्यांसमोर दारावरचा आकडा होता. बारा झाला असेल का? आणि आठच्या वर गेला कधी? लाईट गेली तेव्हापासून धरलं तर मी पंख्याखाली किती वेळ बसलो होतो?

मांडवात आवाज असा की छातीत दणके बसत होते. मी भाऊंना शोधत होतो, तेवढ्यात दोन बायकांनी मला वराकडचा समजून गालांना हळद फासली. मी वैशाली, वैशाली करतोय, त्या म्हणतायत नाचा. ती मधोमध नाचत होती. कोपरापर्यंत पिवळी. फोन तिने पदराला गुंडाळून कमरेला खोचलेला, मधूनच त्याला हात लावून बघत होती. वाजत नाही ना, एवढंच बघत होती. माझा आवाज तिच्यापर्यंत जाईना. मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कोल्ड रूम ११', आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला.

तिने वाचलं. भावाकडे एकदा पाहिलं, तो पाटावर बसलेला, त्याने हसून हात केला. ती वळली आणि टेम्पोत येऊन बसली. चपला मांडवातच.

वाटेत तिने पदरातून फोन काढून उलटसुलट पाहिला.

"वाजला न्हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, वाजणार नव्हता.

"तुमी सांगितलंत, वाजल म्हनून."

मग तिने फोन पुन्हा पदरात गुंडाळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोचलो तेव्हा आकडा तेरा होता. तिने कुलूप उघडलं, फेज पाहिला, बटण दाबलं. काही झालं नाही. तिने कसलातरी खटका खाली ओढला, थांबली, पुन्हा दाबलं. आत कॉम्प्रेसरने घसा खाकरला आणि गुरगुरू लागला. पॅनेलच्या पत्र्यावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. मी माल बघू म्हणून दाराच्या कडीला हात घातला, तर तिने माझं मनगट धरून बाजूला केलं. दार उघडलं की आणखी गरम हवा आत जाते. मग आम्ही दोघं खोक्यांवर बसून आकडा बघत राहिलो. तेरा. तेरा. तेराच. सलीम चहा घेऊन आला, कुणी प्यायला नाही. बारा झाला तेव्हा तिने पहिल्यांदा पाय पुसले.

भाऊ आले ते कपाळाला हळद घेऊनच. त्यांनी आकडा पाहिला, माझे पिवळे गाल पाहिले आणि विचारलं, "जाग्यावर कोन व्हता?"

वैशाली उठून उभी राहिली. म्हणाली, "मी हलदीला गेलती."

एवढंच म्हणाली. मी परवानगी दिली होती, फोन मी मुका केला होता, यातलं काहीच नाही. आणि मी, इतक्या वेळात रस्ताभर वाक्यं जुळवणारा माणूस, गप्प बसलो. फार वेळ नाही. पण बसलो. भाऊ तिच्याकडे बघत राहिले तेवढ्या वेळात माझ्या मनात येऊन गेलं की मीही यातून सुटू शकतो. ते मी विसरलेलो नाही. मग म्हणालो, जागेवर मी होतो. आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी औषध कंपनीचे साहेब आले. तरुण, नम्र, फाइल बगलेत. सगळा माल अडकवून ठेवला. त्यांच्या मते इन्चार्ज जागेवर नव्हती, म्हणजे तिला काढणं आलंच. मी म्हटलं, भोंगा वाजला असता तर ती आली असती, भोंगा तिने बंद केला नाही. मग कुणी केला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिनकर गाळेकर.

"त्यांना बोलवा," ते म्हणाले.

मी सांगू लागलो. किल्ली, परवानगी, अंगठा. ते लिहीत होते, हळूहळू लिहायचे थांबले. शेवटी त्यांनी भाऊंना विचारलं की हा नसलेला माणूस तुमच्या यादीत कसा. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ह्यो असलेला हाय, त्याला विचारा."

तपासण्या होईपर्यंत वैशाली रोज कामावर यायची, पण उद्या येईन का हे तिला माहीत नसायचं. डबा उघडायची, तसाच मिटायची. मी समोर गेलो की उठून कोल्ड रूमकडे जायची. शेवटी निकाल आला. दाराजवळच्या रॅकवरचा माल फेकावा लागला, आतला वाचला. साहेबांनी तिचं नाव वगळलं आणि चूक माझ्या नावावर लिहिली. भाऊंनी मला ठेवलं. का ठेवलं ते मी विचारलं नाही. काही परवानग्या न वाचता घेतलेल्याच बऱ्या.

दिनकर परत कामावर आहे. गैरहजेरीच्या नियमातून त्याला वगळलंय. भोंग्याचा निरोप आता दोन वेगळ्या रस्त्यांनी जातो, त्यातला एक दिनकरच्या हातात नाही. आणि रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी दिनकर आम्हा सगळ्यांना एक मेसेज पाठवतो, 'दिनकर हजर'. तो आला नाही तर सगळ्यांनी धावायचं. या धंद्यात इतकी वर्षं काढून मला हे एवढंच नक्की कळलंय. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालायचं नाही. आवाज करणाराच गेलेला असू शकतो.

वैशाली मात्र अजून दर तासाला स्वतः जाऊन आकडा बघते. तिला यातून सोडवणं हेच माझं काम होतं, आणि तेवढंच मी कायमचं बिघडवलं. तिच्या भावाच्या हळदीच्या फोटोंत ती निम्म्यांतच आहे. पुढच्या फोटोंत पाटाशेजारी तिची जागा मोकळी दिसते, कारण ती जागा तिच्या आईने कुणाला घेऊ दिली नाही.

यंदा दसऱ्याला गाळ्यात पूजा झाली. टेम्पोंना झेंडूच्या माळा, पॅनेलला हळदकुंकू, माझ्या कीबोर्डवरही एक फूल. भाऊंच्या आईने यादी घेऊन डबे भरले. कुणी कितीही सांगितलं तरी ती दिनकरचा डबा भरतेच. म्हणते, नाव हाय ना यादीत. डबा रिवाजाप्रमाणे माझ्या टेबलावर आला. मी झाकण उघडतो न उघडतो तोच वैशालीने तो उचलला आणि सलीमच्या हातात दिला.

मी म्हटलं, अगं, त्याच्या वतीने मी खातो.

"त्यो गेला तवा निदान काम तरी बंद पडला," ती म्हणाली. "तुमी गेलात तर आमाला समजनार पन न्हाय."